एच-२ए वर शेतमजूर आणताय? मग मजुरीचा हिशोब आधी नीट समजून घ्या

"एच-२ए चा रेट सध्या किती चाललाय?" हा प्रश्न मला वर्षभर कोणी ना कोणी विचारत असतं आणि प्रत्येक वेळी माझं उत्तर एकच असतं, की बाबा कुठल्या राज्यात, कुठलं पीक, कुठलं काम, आणि तासावर देणार की नगावर? एवढं कळल्याशिवाय रेट सांगताच येत नाही. मी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात काही शेतांचं पेरोल आणि कागदपत्रं बघतो, ब्लूबेरी, कांदा, पीच अशी शेतं, आणि हल्ली आपली मराठी मंडळीही यात उतरायला लागलीत, आयटीत पैसे साठवून कोणाच्या तरी पार्टनरशिपमध्ये पिकॅनची (अक्रोडासारखा सुकामेवा) बाग घेतात, पहिलं वर्ष निघून जातं आणि मग तोडणीला माणसं मिळत नाहीत म्हणून एच-२ए कडे वळतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी वकील नाही, अर्ज वकिलाकडून किंवा एजंटकडूनच भरून घ्या, पण मजुरीचा हिशोब मात्र स्वतःला कळलाच पाहिजे, कारण अर्जात होणाऱ्या चुका सरकार आधीच पकडून परत पाठवतं, पगाराच्या चिठ्ठीतल्या चुका दोन वर्षांनी सापडतात, आणि तेव्हा व्याजासकट अंगावर येतात.

आधी थोडक्यात, एच-२ए म्हणजे काय. शेतीच्या हंगामी कामासाठी परदेशी मजूर आणायचा हा व्हिसा, १९८६ च्या इमिग्रेशन कायद्यात जुन्या एच-२ चे दोन तुकडे केले त्यातला शेतीचा तुकडा. आकड्यावर मर्यादा नाही, म्हणजे एच-१बी सारखी लॉटरी नाही. २०२४ च्या आर्थिक वर्षात साधारण ३ लाख ८५ हजार जागा मंजूर झाल्या, त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त मजूर मेक्सिकोचे. फ्लोरिडा, जॉर्जिया, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन आणि नॉर्थ कॅरोलायना ही मोठी गिऱ्हाईकं. जागा कितीही मागा, पण अट एक, की इथल्या मजुरांची मजुरी तुमच्यामुळे पडता कामा नये. सगळा मजुरीचा खटाटोप या एका अटीतून आलाय.

पाच आकडे, त्यातला सगळ्यात मोठा तुमचा

नियम असा की खालच्या पाच आकड्यांपैकी जो सगळ्यात जास्त असेल तो तुम्ही जाहीर करायचा आणि तोच द्यायचा: एक, एईडब्ल्यूआर, म्हणजे अॅडव्हर्स इफेक्ट वेज रेट. दोन, प्रिव्हेलिंग वेज, म्हणजे त्या भागात त्या पिकाच्या त्या कामाला प्रत्यक्षात चालू असलेली मजुरी, ती तासाची असेल किंवा नगाची. तीन, युनियनशी करार असेल तर करारातला दर. चार, फेडरल किमान वेतन, जे २००९ पासून ७.२५ डॉलरवरच बसलंय. पाच, तुमच्या राज्याचं किमान वेतन.

जॉर्जियासारख्या राज्यात चौथा-पाचवा आकडा बघायचीसुद्धा गरज पडत नाही इतके ते खाली आहेत. पण कॅलिफोर्नियात आणि वॉशिंग्टनमध्ये चुकूनही सोडू नका, कारण तिथे २०२६ च्या जानेवारीपासून राज्याचं किमान वेतनच अनुक्रमे १६.९० आणि १७.१३ डॉलर झालंय आणि नव्या पद्धतीत (खाली सांगतो) एईडब्ल्यूआर त्याच्या खाली जाऊ शकतो. मग मोठा आकडा राज्याचा, आणि तोच द्यायचा.

आता लोक विचारतात की प्रिव्हेलिंग वेज आहे तर वर एईडब्ल्यूआर कशाला? दोन्ही एकच नाहीत. समजा एका तालुक्यात, इथल्या भाषेत काऊंटीत, निम्म्याहून जास्त तोडणी बाहेरून आलेल्या मजुरांवरच चालते, तर तिथली "चालू मजुरी" आधीच दबलेली असणार, मग तीच दबलेली मजुरी योग्य म्हणून धरली तर खड्डा अजून खोल होत जातो. म्हणून राज्यभरातल्या किंवा मोठ्या विभागातल्या सरासरीवरून काढलेला एक तळ हवा, तो एईडब्ल्यूआर. आणि उलट बाजूने, एखाद्या भागात सफरचंद तोडणारे चांगल्या बिनच्या (मोठ्या खोक्याच्या) भावाने सरासरीपेक्षा पुष्कळ जास्त कमावत असतील तर तुम्ही एईडब्ल्यूआर दाखवून त्यांना खाली ओढू नये, म्हणून प्रिव्हेलिंग वेज. एक खालून धरतो, एक बाजूने. शेतमालकांना दोन्ही आवडत नाहीत, ते सोडा.

प्रिव्हेलिंग वेज असतो का, आणि कुठे बघायचा

खरं सांगायचं तर बऱ्याच पिकांना, बऱ्याच भागात, प्रिव्हेलिंग वेज प्रसिद्ध झालेलाच नसतो. कारण तो हवेतून येत नाही, त्यासाठी राज्याच्या लेबर खात्याने किंवा राज्याच्याच दुसऱ्या एखाद्या संस्थेने, विद्यापीठानेसुद्धा, सर्व्हे करावा लागतो आणि सर्व्हेला अटी आहेत. २०२२ च्या नियमाने त्या जरा सोप्या केल्या तरी किमान ३० अमेरिकन मजूर आणि ५ मालक त्यात यायला लागतात आणि एकाच मालकाच्या मजुरांचा वाटा २५ टक्क्यांच्या वर चालत नाही. लहान पिकाला हे जमतच नाही. वॉशिंग्टन राज्य मात्र सफरचंद, चेरी, पेअर यांचे सर्व्हे नेमाने करतं, त्यामुळे तिकडे बाग असेल तर प्रिव्हेलिंग पीस रेट, म्हणजे नगाचा चालू दर, बघितल्याशिवाय पुढे जाऊच नका, तिथे जाती-जातीप्रमाणे वेगळे दर निघतात आणि त्यावरून मालक-मजूर संघटनांची कोर्टबाजी पण झालीय.

बघायचं कुठे तर फेडरल लेबर खात्याच्या परदेशी मजूर प्रमाणपत्र विभागाच्या साइटवर ॲग्रिकल्चरल ऑनलाइन वेज लायब्ररी आहे, तिथे राज्य निवडा, पीक निवडा, काम निवडा. काही निघालं नाही तर नाही, तेवढा आकडा यादीतून वगळा आणि उरलेल्यातला मोठा घ्या. फक्त जे बघितलं त्याचा स्क्रीनशॉट तारखेसकट काढून फाइलला लावा, ही माझी सवय आहे आणि ती कामाला आलीय. प्रसिद्ध झालेला प्रिव्हेलिंग वेज एक वर्ष किंवा नवा सर्व्हे येईपर्यंत, जे आधी होईल तोवर चालतो.

आणि हो, हंगाम चालू असताना नवा आणि जास्त दर आला तर? जुन्या करारावर बोट ठेवून बसता येत नाही. प्रिव्हेलिंग वेज वाढला तर खात्याने कळवल्यापासून १४ दिवसांच्या आत नवा दर लागू करायचा. एईडब्ल्यूआर वाढला तर तो ज्या तारखेपासून लागू होतो त्या तारखेपासून. कमी झाला तर मात्र जॉब ऑर्डरमध्ये (काम आणि दर जाहीर करायचा सरकारी फॉर्म) लिहिलेला दर खाली आणता येत नाही, तो शब्द दिलेला असतो. म्हणून बजेट करताना थोडी ढील ठेवा.

एईडब्ल्यूआर मध्ये २०२५ ला काय उलथापालथ झाली

इथे जुने लेख वाचून फसणारे सगळ्यात जास्त. वर्षानुवर्षं शेतातल्या आणि जनावरांच्या नेहमीच्या कामांचा एईडब्ल्यूआर शेती खात्याच्या फार्म लेबर सर्व्हेवरून निघायचा, विभागवार एकच आकडा, डिसेंबरात जाहीर व्हायचा. २०२५ सालासाठी जॉर्जियाला १६.०८ डॉलर, फ्लोरिडाला १६.२३, लुइझियानाला १४.८३, वॉशिंग्टनला १९.८२ आणि कॅलिफोर्नियाला १९.९७ असे आकडे होते. २०२३ च्या नियमाने ट्रक चालवणं, सुपरवायझर, बांधकाम असल्या कामांना वेगळ्या सर्व्हेचा वेगळा, बहुतेक वेळा जास्त, आकडा लावला होता. मग ऑगस्ट २०२५ मध्ये लुइझियानातल्या फेडरल कोर्टाने, ऊस उत्पादकांच्या केसमध्ये, तो २०२३ चा नियमच रद्द केला आणि त्याच सुमाराला शेती खात्याने तो सर्व्हेही बंद केला. झालं, दोन्ही पाय गेले.

२ ऑक्टोबर २०२५ ला लेबर खात्याने तात्पुरता (इंटरिम) नियम आणला आणि त्या तारखेपासूनच्या अर्जांना तो लागला. आता आकडा लेबर खात्याच्या ओईडब्ल्यूएस या धंदेवार वेतन सर्व्हेवरून राज्यवार निघतो आणि त्यात दोन पातळ्या आहेत. तुम्ही जॉब ऑर्डरमध्ये अनुभव, ट्रेनिंग, लायसन्स असलं काही मागत नसाल तर पहिली पातळी, कमी दर. मागत असाल तर दुसरी, जास्त दर. म्हणजे "छाटणीचा अनुभव असलेलाच माणूस हवा" हे एक वाक्य तुम्हाला तासाला काही डॉलर महाग पडू शकतं, विचार करून लिहा. उगाच जुनी जॉब ऑर्डर कॉपी-पेस्ट करताना अशी वाक्यं राहून जातात. पण उलटंही करू नका, खरंच अनुभवी माणूस हवाय आणि कागदावर लिहिलं नाही, तर मग नवखा माणूस आला आणि त्याला छाटणी जमली नाही म्हणून तक्रार करता येणार नाही.

माणूस दोन-तीन प्रकारची कामं करणार असेल, म्हणजे सकाळी तोडणी, दुपारी ट्रॅक्टर, तर करारातल्या बहुतेक दिवसांत तो जे काम करतो त्यावरून कामाचा प्रकार ठरतो. आधीच्या नियमात थोडा ट्रक चालवला तरी ट्रकचा रेट बसायचा, त्या मानाने हे सुटसुटीत आहे.

आणि तिसरी नवी गोष्ट म्हणजे घराची वजावट. एच-२ए मजुराला राहायला जागा फुकट द्यावी लागतेच, तर त्या बदल्यात त्याच्या एईडब्ल्यूआर मधून राज्यवार ठरवलेली रक्कम तासामागे कमी धरायची मुभा या नियमाने दिलीय. ही रक्कम तुम्ही ठरवायची नाही, खातं प्रसिद्ध करतं तेवढीच. पगाराच्या चिठ्ठीत "घरभाडं" म्हणून कापायचीही नाही, दर ठरवतानाच ती धरलेली असते. आणि ती धरून आलेला आकडा राज्याच्या किमान वेतनाच्या खाली गेला तर तुमच्या राज्याचा कायदा काय म्हणतो ते विचारा, गृहीत धरू नका. या नियमालाही मजूर संघटनांनी कोर्टात आव्हान दिलंय, त्यामुळे अर्ज भरायच्या दिवशी खात्याच्या साइटवरचा आकडा बघायचा, व्हॉट्सॲपवर फिरणारा नाही आणि या लेखातलाही नाही.

नगावर पैसे देत असाल तर

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ब्लूबेरीच्या शेतावर बघा, सकाळी सातला माणसं ओळीत शिरतात, कमरेला बादली, बादली भरली की ओळीच्या टोकाला वजनकाट्यावर आणायची, तिथे बसलेली मुलगी कार्ड स्कॅन करते, बीप वाजतो, वजन त्याच्या नावावर चढतं आणि तो रिकामी बादली घेऊन पळतो. सगळं लक्ष पाउंडवर. आणि संध्याकाळी मालकाकडे पाउंडचा हिशोब अगदी दशांशापर्यंत असतो पण तास? "सातला आले, तीनला गेले." हे चालत नाही. पीस रेट असला तरी तास लिहावेच लागतात, कारण कायदा शेवटी तासावरच येऊन थांबतो.

उदाहरण घ्या, आकडे मी सोयीसाठी धरलेत. लागू दर तासाला १६ डॉलर, ब्लूबेरीचा भाव पाउंडला ६० सेंट, पगार दर आठवड्याला. एका बाईने ४५ तास काम केलं आणि ११०० पाउंड तोडले. नगावर झाले ६६० डॉलर. तासावर झाले असते ४५ गुणिले १६, म्हणजे ७२०. तर ६० डॉलर वरून भरायचे, आणि त्याच पगारात भरायचे, "पुढच्या आठवड्यात भरपूर माल आहे, भरून निघेल" असं नाही. शेजारच्या ओळीतल्या माणसाने तेवढ्याच तासात १४०० पाउंड तोडले तर त्याचे ८४० झाले, ते सगळे त्याचे, तिथे ७२० वर कात्री लावता येत नाही. सरासरी प्रत्येक माणसाची वेगळी काढायची. पूर्ण टोळीची सरासरी काढून "आमच्याकडे तर तासाला १७ पडतात" म्हणणारे मालक मी बघितलेत, इन्स्पेक्टरपुढे ते एक मिनिट टिकत नाही.

हंगामाच्या शेवटी शेवटी माल पातळ होतो तेव्हा हा भरणा सगळ्यात जास्त येतो. तेव्हा सरळ तासावर या, डोकेदुखी कमी. मात्र जॉब ऑर्डरमध्ये तशी सोय आधीच लिहिलेली हवी. आणि त्या पिकाला प्रिव्हेलिंग पीस रेट प्रसिद्ध झालेला असेल तर तुमचा नगाचा भाव त्याच्या खाली असून चालणार नाही, वर तासाची हमी आहेच.

तास मोजताना वाट बघायचा वेळही धरा. दव वाळेपर्यंत माणसं ओळीच्या टोकाला थांबलीत, तुम्हीच थांबवलंय, तर तो वेळ कामाचा. वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया याच्याही पुढे जातात, तिथे पीस रेटवाल्याला विश्रांतीच्या ब्रेकचे आणि नगाशी संबंध नसलेल्या वेळेचे पैसे वेगळे द्यावे लागतात, वॉशिंग्टनमध्ये २०१५ आणि २०१८ च्या तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालांमुळे आणि कॅलिफोर्नियात २०१६ पासूनच्या कायद्यामुळे.

"दिवसाला इतक्या बादल्या झाल्याच पाहिजेत, नाहीतर घरी" अशी अट घालायची असेल तर ती जॉब ऑर्डरमध्ये हवी, आणि आसपासचे इतर मालक मागतात त्यापेक्षा जास्त नको. जुन्या मालकांसाठी तर नियमात अजून १९७७ सालचं प्रमाण लिहिलेलं आहे, म्हणजे तेव्हा जे मागत होतात त्याच्या वर परवानगीशिवाय जायचं नाही! १९७७ च्या बादल्या मोजून ठेवलेला मालक मला तरी भेटला नाही.

अर्ज कधी, आणि दर लिहायचा कुठे

कामाच्या पहिल्या तारखेच्या ७५ ते ६० दिवस आधी जॉब ऑर्डर, फॉर्म ७९०ए, ऑनलाइन भरायची. मग निदान ४५ दिवस आधी मुख्य अर्ज, ९१४२ए. त्यात काही खोट असली तर सात दिवसांत उत्तर येतं. लायक अमेरिकन माणूस अर्ज घेऊन आला तर करार निम्मा होईपर्यंत त्याला कामावर घ्यावंच लागतं. जागेची तपासणी, वर्कर्स कॉम्प (कामावरच्या इजेचा विमा), सगळं याच काळात. व्हिसाचा भाग त्यानंतर. थोडक्यात जूनमध्ये तोडणी असेल तर मार्चमध्ये हलायला लागा, मे मध्ये फोन करणाऱ्यांना मी फक्त सहानुभूती देऊ शकतो.

जॉब ऑर्डरमधला मजुरीचा रकाना म्हणजेच तुमचा करार. वेगळा करार केला नसेल तर कायद्याने तीच कागदपत्रं करार मानली जातात. तिथे प्रत्येक कामाचा दर, नगाचा असला तर एकक, म्हणजे बादली किती पाउंडाची, बिन किती बुशेलचा, आणि तासाची हमी, असं सगळं लिहा. बादली "साधारण मोठी" असं लिहिलेला अर्ज परत आलेला मी पाहिलाय. पगार निदान महिन्यातून दोनदा, आणि तुमच्या भागात सगळे दर आठवड्याला देत असतील तर तुम्हीही आठवड्यालाच.

मेंढपाळ आणणार असाल तर हे सगळं थोडं बाजूला ठेवा, माळावर जनावरांमागे राहणाऱ्यांचा हिशोब महिन्याच्या पगाराचा आहे आणि त्याचे नियम वेगळे.

तुमचा जुना लोकल माणूस विसरू नका

हा खर्च कोणाच्याच बजेटमध्ये नसतो. समजा तुमच्याकडे पाच वर्षांपासून एक इथलाच माणूस आहे, तासाला १४ ने, आणि तो एच-२ए वाल्यांबरोबर तेच काम करतो. ज्या दिवसापासून करार सुरू झाला त्या दिवसापासून त्यालाही निदान तोच दर. याला करस्पॉन्डिंग एम्प्लॉयमेंट म्हणतात आणि जॉब ऑर्डरमधलं काम किंवा एच-२ए मजूर करत असलेलं दुसरं कुठलंही शेतीकाम लोकल माणसाने केलं तर ते लागू होतं. नव्या पद्धतीत घराची वजावट या लोकल माणसाला लागत नाही, म्हणजे त्याचा आकडा एच-२ए वाल्यापेक्षा बहुतेक जास्तच येणार. पेरोल सॉफ्टवेअरमध्ये दोघांना एकच कोड लावून ठेवलात तर गडबड झालीच म्हणून समजा.

टॅक्सचंही तसंच. एच-२ए मजुराच्या पगारावर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर लागत नाही, तुमच्या बाजूनेही नाही आणि त्याच्या बाजूनेही नाही. फेडरल इन्कम टॅक्स दोघांनी ठरवलं आणि त्याने डब्ल्यू-४ (टॅक्स कापायला सांगणारा फॉर्म) दिला तरच कापायचा. वर्षाअखेरीला डब्ल्यू-२ (वर्षभराच्या पगाराचा दाखला) मात्र द्यायचा. लोकल माणसाचं सगळं नेहमीसारखं कापायचं.

तीन-चतुर्थांशची हमी

करारात जेवढे तास सांगितलेत त्याच्या ७५ टक्के तास तुम्ही काम देणारच, ही हमी. दहा आठवडे, आठवड्याला ४० तास, एकूण ४००, म्हणजे ३०० तासांची हमी. पाऊस पडला, माल कमी आला, आणि प्रत्यक्षात २६० तासच काम निघालं, तर करार संपताना ४० तासांचे पैसे काम न करता द्यायचे. आठवड्याला ३५ तासांपेक्षा कमी दाखवता येत नाहीत, पण ४८-५० दाखवून मोठेपणा करू नका, हमी त्यावरच बसते.

मजूर स्वतःहून निघून गेला किंवा योग्य कारणाने काढला तर हमी संपते, पण एक अट, की दोन कामाच्या दिवसांत लेबर खात्याच्या प्रोसेसिंग सेंटरला आणि इमिग्रेशनला कळवायचं. सलग पाच कामाचे दिवस सांगितल्याशिवाय आला नाही की तो सोडून गेला असं धरतात. कळवायचं राहिलं तर तो फ्लोरिडात दुसरीकडे काम करत असला तरी त्याची हमी तुमच्या डोक्यावर. वादळ, गारपीट असं काही होऊन कामच उरलं नाही तर करार लवकर संपवायची सोय आहे, पण ते तुम्ही नाही, खात्याच्या अधिकाऱ्याने मान्य करायचं. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने इथल्या पिकॅनच्या बागाच्या बागा आडव्या केल्या तेव्हा ही तरतूद काय आहे ते बऱ्याच जणांनी पहिल्यांदा वाचलं.

प्रवास, व्हिसा आणि पहिला आठवडा

येण्याचा प्रवासखर्च करार निम्मा झाला की परत द्यायचा, जाण्याचा करार पूर्ण झाल्यावर, हे बहुतेकांना माहीत असतं. पण पहिल्या आठवड्याची भानगड माहीत नसते. २००२ मध्ये फ्लोरिडातल्या स्ट्रॉबेरी-रास्पबेरी मजुरांच्या केसमध्ये, अरियागा नावाने ओळखतात ती, फेडरल अपील कोर्टाने सांगितलं की मजुराने येण्यासाठी केलेला खर्च हा मुळात मालकाच्या फायद्याचा आहे, तर तो वजा करून पहिल्या आठवड्याची कमाई फेडरल किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये. म्हणजे पहिल्या आठवड्यात ४० तास, ६४० डॉलर कमावले, येताना त्याचे ५०० गेले. उरले १४०. किमान वेतनाने ४० तासांचे २९० व्हायला हवेत. तर १५० डॉलर पहिल्याच पगारात द्या, बाकीचे निम्म्या करारावर. मी तर सांगतो सगळेच पहिल्या आठवड्यात देऊन मोकळे व्हा, हिशोब ठेवायची कटकट वाचते आणि माणूसही खूश. व्हिसाची फी, एच व्हिसाला २०५ डॉलर, मालकाचीच. पासपोर्ट त्याचा त्याने काढायचा.

आता इथे आपल्या लोकांचा हमखास प्रश्न, "नाशिकची द्राक्ष छाटणारी पोरं आणता येतील का?" जानेवारी २०२५ पासून ठराविक देशांची यादी काढून टाकलीय, त्यामुळे कागदावर अडत नाही. पण दर तोच, विमानाचं तिकीट तुमच्या माथी, आणि तिकडे गावात कोणी "अमेरिकेला पाठवतो, चार लाख दे" म्हणून पैसे घेतले तर तुमचा अर्ज आणि पुढची वर्षं दोन्ही धोक्यात. आपल्याकडे ऊसतोडीला मुकादम उचल देऊन टोळी बांधतो आणि हंगामभर ती उचल फिटत राहते, तो प्रकार इथे कुठल्याच रूपात चालत नाही, मजुराकडून भरतीचे पैसे घेणं, ते पगारातून कापणं, पासपोर्ट स्वतःकडे ठेवणं, सगळं बंद. एजंटशी करार करताना तो मजुरांकडून काही घेणार नाही हे लेखी घ्यायलाच लागतं, आणि नुसतं लेखी घेऊन थांबू नका, आलेल्या माणसांना पहिल्याच दिवशी त्यांच्या भाषेत विचारा.

ओव्हरटाइम

फेडरल कायद्यात शेतीला ओव्हरटाइम नाही, जॉर्जियातही नाही. पण कॅलिफोर्नियात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४० तासांवर, २०२५ पासून लहान मालकांनाही. वॉशिंग्टनमध्ये ४० वर. न्यूयॉर्कमध्ये २०२६ पासून ५२ वर आणि ते हळूहळू ४० पर्यंत उतरणार. तुमच्या राज्याचं बघा.

चिठ्ठीवर काय हवं

प्रत्येक पगाराबरोबर लेखी चिठ्ठी, आणि तिच्यावर पगाराच्या कालावधीची सुरुवात आणि शेवट, दर, देऊ केलेले तास, प्रत्यक्ष केलेले तास, नग असतील तर नग, प्रत्येक कपात वेगळी, एकूण कमाई, मालकाचं नाव, पत्ता आणि टॅक्स नंबर. देऊ केलेले आणि केलेले तास वेगळे लिहायचे, हे नव्वद टक्के लोक एकच लिहितात. शनिवारी तुम्ही ६ तास काम देत होतात आणि माणूस मासे धरायला गेला, तर देऊ केलेले ६, केलेले ०, आणि का नाही केले त्याचं कारण नोंदवहीत. हे सहा तास हमीच्या हिशोबात तुमच्या बाजूने धरले जातात, लिहिलेच नाहीत तर नाही.

कपात करायची तर कायद्याने लागते ती आणि जॉब ऑर्डरमध्ये आधी जाहीर केलेली, वाजवी, एवढीच. कात्री, बादली, हातमोजे असल्या कामाच्या वस्तू फुकट. जेवण देत असाल तर दिवसाला खात्याने ठरवलेल्या रकमेच्या आत, आणि जेवण नाही दिलं तर स्वयंपाकाची नीट सोय, म्हणजे चालणारा गॅस आणि चालणारा फ्रिज, बारा माणसांत एक शेगडी नाही.

सगळं रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायचं. तपासणीला लेबर खात्याच्या वेज अँड अवर डिव्हिजनचे लोक येतात आणि आधी ऑफिसात बसत नाहीत, आधी शेतावर जाऊन मजुरांशी स्पॅनिशमध्ये बोलतात, किती वाजता आलात, किती वाजता गेलात, पाणी कुठे आहे, व्हिसाला किती दिले, आणि मग ते तुमच्या चिठ्ठ्यांशी जुळवतात. फरक निघाला तर थकलेली मजुरी, त्यावर दंड, आणि मोठं प्रकरण असेल तर तीन वर्षांपर्यंत प्रोग्राममधून बाहेर. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच काम पहिल्या पगारानंतर लगेच करायला लावतो: सगळ्यात हळू तोडणाऱ्या माणसाची चिठ्ठी काढा, त्याचे तास हाताने मोजा, लागू दराने गुणा आणि चिठ्ठीवरचा आकडा त्याच्या खाली आहे का बघा. खाली असेल तर त्याच दिवशी फरकाचा चेक फाडा आणि सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावा.